तेल सोडलं, तरी चरबी वाढली?

रक्ताचा रिपोर्ट बघून अनेक जण चक्रावतात. "अहो, तेल-तूप कधीच सोडलंय, मग ट्रायग्लिसराइड २४० कसं?" ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी; ती १५०च्या खाली हवी. उत्तर बरेचदा चहाच्या कपात सापडतं. दोन चमचे साखर, दिवसातून पाच वेळा, वर खारी. शिवाय रात्री भाताचा डोंगर. गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची आणि पिष्टाची यकृत चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं. दारूनंही ती वाढते. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी ही जोडी आपल्याकडे फार दिसते. हृदयाला ती बरी नव्हे. आणि उपवासाचा साबुदाणा? माफ करा, तोही जवळपास निव्वळ पिष्टच. पुढच्या तपासणीपर्यंत चहातली साखर अर्धी करून बघा. भात कमी, वरण जास्त वाढून घ्या.