आसन बदललं, तरी दृष्टी बदलू नये

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!

माय-बाप श्रोतेहो, पूर्वरंगात आपण समदृष्टी पाहिली. समदृष्टी म्हणजे काय? खाली उभं असताना आपण जे मागतो, तेच वर बसल्यावर दुसऱ्याला देणं. बोलायला सोपं आहे हो! आता आख्यान ऐका.

सन १८९७. 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. जामीन काही मिळेना. तेव्हा दिनशा दावर नावाचे बॅरिस्टर लोकमान्यांसाठी उभे राहिले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे त्यांनी बाजू मांडली, आणि जामीन मिळवला.

अकरा वर्षं लोटली. सन १९०८. पुन्हा लोकमान्य, पुन्हा राजद्रोह, तेच मुंबईचं हायकोर्ट. आणि न्यायासनावर कोण? तेच दावर! लोकमान्यांसाठी बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला. दावरांनी तो नाकारला. ज्यूरीतले सात जण म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. २२ जुलैच्या रात्री शिक्षा सुनावली: सहा वर्षं हद्दपारी, हजार रुपये दंड.

आणि मंडळी, न्यायमूर्तींना वाटत होतं, लोक आपल्याला नावं ठेवतील ती शिक्षा फार सौम्य दिली म्हणून! बाहेर काय झालं? मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला कामगारांनी सहा दिवसांच्या संपानं उत्तर दिलं.

लोकमान्य मात्र शांत. ज्यूरी काही म्हणो, मी निर्दोष आहे. न्यायालयाहून वरची एक सत्ता आहे, असं त्यांनी सांगितलं आणि ते मंडालेला गेले. तिथं 'गीतारहस्य' लिहिलं. पुढे १९५६ साली त्याच हायकोर्टात त्यांचे ते शब्द संगमरवरात कोरून लावले. शिक्षा दिली ती जागा, आणि मान दिला तीही तीच जागा!

आता दावरांना शिव्या देऊन घरी जाऊ नका. त्यांच्यापुढे कायदा होता, सरकार होतं. आपल्यापुढे काय असतं हो? सून होती तेव्हा माउली रडायची, "मला कुणी समजून घेत नाही." सासू झाली, आणि सुनेचं ऐकायला तिला सवड नाही! खुर्ची घरातलीही असते बाबा. त्या खुर्चीवर बसताना, एकदा आपण कुठं उभे होतो ते आठवा. तेवढं आठवलं, तर पांडुरंगापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!