फुगलेली किडनी आणि एक छोटा सांधा

गरोदरपणातली सोनोग्राफी होते आणि आईबाबांच्या कानावर पडतं, ‘बाळाच्या किडनीला सूज आहे.’ या ‘सूज’ शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. इथे जखम नसते, जंतूही नसतात. लघवी तुंबल्यामुळे किडनी फुगलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

किडनीत तयार झालेली लघवी आधी नरसाळ्यासारख्या पिशवीत उतरते आणि तिच्या बुडाला जोडलेल्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात जाते. अडथळा बहुधा या सांध्यावर असतो. तिथला तुकडा जन्मतःच अरुंद असतो. थोड्या मोठ्या मुलांत कधीकधी आडवी गेलेली रक्तवाहिनी त्याला चाप लावते. असं मूल भरपूर पाणी प्यालं की कुशीत कळ येते, उलट्या होतात. आणि घरचे पोटाचं औषध देत राहतात.

किडनी फुगलेली दिसली की लगेच ऑपरेशन, असं मात्र नाही. बऱ्याच बाळांची ही सूज आपोआप ओसरते. जन्मल्यावर पहिले दोन दिवस लघवी कमीच होते, म्हणून सोनोग्राफी त्यानंतर करायची आणि काही काळाने पुन्हा करायची. किडनीचा स्कॅन काढला की दोघींपैकी कोण किती काम करते ते कळतं. निरोगी जोडीत वाटणी साधारण निम्मी-निम्मी असते. एकीचा वाटा चाळीस टक्क्यांखाली गेला किंवा घसरत चालला, तर मात्र थांबू नये.

आज सर्वाधिक रूढ असलेली शस्त्रक्रिया शेफिल्डच्या अँडरसन आणि हाइन्स यांनी 1949 साली मांडली. अरुंद तुकडा कापून टाकायचा, मूत्रवाहिनीचं तोंड उभं चिरून रुंद करायचं आणि ते नरसाळ्याच्या सर्वांत खालच्या जागी केसासारख्या बारीक धाग्याने शिवायचं. आडवी रक्तवाहिनी असेल, तर सांधा तिच्या पुढून घ्यायचा.

पालक विचारतात, ‘दुर्बिणीतून करायचं की उघडून?’ आतलं काम तेच, वाट तेवढी वेगळी. तान्ह्या बाळाला कुशीतला छोटा छेद पुरतो आणि बाळ लवकर सावरतं. मोठ्या मुलाला दुर्बिणीने वेदना कमी होतात, व्रणही लहान राहतात. पण इवल्याशा जागेत टाके घालणं कसबाचं असतं. रोबोटने ते सोपं होतं, खर्च मात्र वाढतो. सरावलेल्या हातांत तिन्ही वाटांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात.

आता शेवटचं, आणि हे लिहूनच ठेवा. सांधा भरून येईपर्यंत आत बहुधा एक मऊ नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. काही आठवड्यांनी ती काढावी लागते. मूल खेळायला लागतं आणि नळीचा विसर पडतो. मग तिच्यावर खडे धरतात. म्हणून दवाखान्यातून निघताना नळी काढायची तारीख विचारा आणि घरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल गोल करा.