साध्या खेळांचे मोल



संगणकाच्या पडद्यावर दोन मिनिटांत समजणारा आणि दहा मिनिटांत संपणारा एखादा लहानसा खेळ पैसे देऊन विकत घ्यावा काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु मुलाने खेळासाठी मागितलेले पन्नास-शंभर रुपये द्यावेत की नाहीत, शाळेच्या संगणकावर कोणते खेळ असावेत आणि गावातील एखाद्या तरुणाने असा खेळ तयार केला तर त्याच्या कष्टाला मोबदला मिळावा की नाही, हे सारे प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत. म्हणून त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

आक्षेपात तथ्य किती?

ब्राउझर उघडावा आणि काहीही विकत न घेता खेळावयास बसावे, अशी सवय फ्लॅश या तंत्राने जगभरच्या एका पिढीला लावली. असे हजारो खेळ फुकट उपलब्ध होते. त्यामुळे अशा खेळांना किंमत कशासाठी, असे विचारले जाते. शिवाय खेळाची एक प्रत तयार झाली की पुढील लाखो प्रती काढावयास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, असाही युक्तिवाद केला जातो.

हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की, किंमत माफक असावी. किंमत मुळीच नसावी, असे त्यातून सिद्ध होत नाही. सावंतवाडीचे लाकडी खेळणे घेताना कोणी केवळ लाकडाचे वजन करून दाम ठरवीत नाही. कारागिराचा हात, रंगाची जाण आणि घडणीचा सुबकपणा यांचे मोल त्यात असते. खेळाचा साधेपणा हाही पुष्कळदा कष्टाने साधलेला असतो.

साधेपणामागील श्रम

जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केलेला 'वर्डल' हा शब्दखेळ याचे उत्तम उदाहरण आहे. दिवसाला एकच कोडे, पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द आणि सहा प्रयत्न, एवढाच त्याचा पसारा. परंतु पाच अक्षरांच्या सुमारे बारा हजार शब्दांतून सामान्य माणसाच्या परिचयाचे सुमारे अडीच हजार शब्द निवडण्याचे काम त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी केले. खेळणाऱ्याला ही निवड दिसत नाही, पण खेळाची गोडी तिच्यावरच अवलंबून आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने जानेवारी २०२२ मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन हा खेळ विकत घेतला. जो खेळ लोक फुकट खेळत होते, त्याची बाजारात एवढी किंमत झाली.

याच्या उलट 'टेट्रिस'ची कथा आहे. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात हा खेळ रचला. त्यांच्या यंत्राला चित्रे काढता येत नसल्याने खेळातील ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखविले जात. पुढे हा खेळ जगभर विकला गेला, परंतु त्याचे हक्क सोव्हिएत शासनाकडे असल्याने खुद्द निर्मात्याला स्वामित्वधन मिळू लागले ते १९९६ पासून. खेळ साधा म्हणून त्याला मोल नाही, असे कोण म्हणेल? मोल होते, ते निर्मात्यापर्यंत पोहोचावयास मात्र बारा वर्षे लागली.

निर्मितीबरोबर देखभालीचाही विचार करावा लागतो. फ्लॅशचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबले आणि असंख्य खेळ नेहमीच्या ब्राउझरवर चालेनासे झाले. जुना खेळ नव्या यंत्रावर चालता ठेवावयाचा तर कोणाला तरी वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळेचा खर्च कोठून तरी निघावा लागतो.

फुकटाची किंमत

'फुकट' या शब्दाचीही नीट पारख व्हावयास हवी. व्हिएतनाममधील डाँग न्यूयेन यांचा 'फ्लॅपी बर्ड' हा अत्यंत साधा खेळ २०१३ मध्ये विनामूल्य देण्यात आला. जाहिरातींतून त्याला दररोज सुमारे ५० हजार डॉलर मिळत असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. तरीही लोकांना त्याचे व्यसन जडते आहे, हे पाहून निर्मात्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःच मागे घेतला. जाहिरातींवर चालणाऱ्या खेळाचे उत्पन्न खेळणारा किती वेळ पडद्याला खिळून राहतो, यावर अवलंबून असते. एकदाच उघडपणे किंमत घेणाऱ्या खेळाला मुलाला तासन्‌तास रोखून धरण्याचे तेवढे कारण उरत नाही. या दृष्टीने माफक किंमत हीच पुष्कळदा अधिक प्रामाणिक ठरते.

आधी पारख, मग दाम

ग्राहकाची फसगत होऊ नये यासाठी चांगली पद्धतही रूढ झाली आहे. झेक कलावंत याकुब द्वोर्स्की यांचा 'सामोरोस्त' हा २००३ चा खेळ विनामूल्य होता. २००५ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध फुकट आणि उत्तरार्ध विकत, अशी योजना होती. लुका गालांते यांचा 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' २०२१ मध्ये प्रथम ब्राउझरवर विनामूल्य खेळता येत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची वाढविलेली आवृत्ती सुमारे तीन डॉलरला विक्रीस आली आणि २०२३ मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार लाभला.

अर्थात प्रत्येक खेळ पैशास पात्र असतो, असे नव्हे. दुसऱ्याच्या खेळाची नक्कल, अर्धवट सोडलेले काम किंवा आत गेल्यावर पावलोपावली पैसे मागणारी रचना यांना दाम देणे म्हणजे अप्रामाणिकपणाला उत्तेजन देणे होय.

विक्री आणि जुगार यांतील भेद

येथे एक भेद प्रत्येक शिक्षकाने व पंचायत सदस्याने ध्यानी ठेवावा. खेळ विकत घेणे वेगळे आणि खेळात पैसे पणाला लावणे वेगळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैशांच्या पणावर चालणाऱ्या खेळांना मनाई केली आहे. मात्र ऑनलाइन सामाजिक खेळांसाठी वर्गणी किंवा एकदाच प्रवेशशुल्क घेण्यास हा कायदा वाव देतो. ती रक्कम पणाची नसावी, ही अट आहे. जिंकल्यावर पैसे परत मिळण्याचे आमिष दिसले की तो खेळ या मर्यादेबाहेर गेला, असे समजावे.

तेव्हा पालकांनी 'फुकट आहे ना?' एवढेच विचारून थांबू नये. खेळ कोणी केला, त्याचे पैसे कोठून येतात आणि रक्कम एकदाच द्यावयाची की वारंवार, हे तीन प्रश्न विचारावेत. शाळांतून मुलांना छोटे खेळ स्वतः रचण्याची संधी मिळाली, तर त्यामागील श्रमाची जाणीव त्यांना आपोआप होईल. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले आहे. परंतु साध्या पण कसदार खेळाला योग्य दाम देणारा समंजस ग्राहक घरोघरी आणि शाळाशाळांतून घडला, तरच अशा धोरणाचे फळ खेड्यातील होतकरू निर्मात्यापर्यंत पोहोचेल.