थकव्याचा रकाना



मी बसून बोलणार आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मला आमवाताचं निदान झालं, आणि त्यातली पहिली दहा वर्षं तरी मी कुठेही खुर्ची मागताना आधी माफी मागत असे. आजचा विषय त्या माफीचाच आहे. दुखण्याबद्दल आपण बोलतो. दुखणाईत माणसाच्या थकव्याबद्दल, आणि त्या थकव्यापायी मनाला जी खंत लागून राहते तिच्याबद्दल, घरात किंवा दवाखान्यात फारसं कुणी बोलत नाही.

एक पहाट सांगते. आमच्या पेठेत तेव्हा नळाला पाणी साडेपाचला यायचं आणि सव्वासहाला जायचं. आमवात असलेल्या बाईचे हात नेमके त्याच वेळी कामाचे नसतात. मूठ वळत नाही. मधली पेरं सुजलेली, अंगठी दिवसच्या दिवस निघत नाही. तोटी मी तळहाताच्या कडेने फिरवायची आणि हंडा दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून उचलायची. सासूबाई बोलत काही नसत. उठून बाहेर यायच्या आणि हंडा माझ्याकडून काढून घ्यायच्या. त्या बहात्तर वर्षांच्या, मी एकेचाळीस. तो हंडा त्यांच्या कमरेवर पाहिला की माझा दिवस तिथेच नासायचा.

पहाटेच असं का होतं, याचं कारण शरीरात आहे. म्हातारपणी गुडघे झिजून होतो तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो, आणि पुष्कळदा तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे घर अंगावर असतानाच गाठतो. त्यात जी दाहकारक रसायनं तयार होतात, त्यांपैकी इंटरल्युकिन-6चं रक्तातलं प्रमाण पहाटेच्या सुमाराला वाढलेलं असतं. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो; आमवात जोरात असेल तर तास-तास सुटत नाही. हीच रसायनं मेंदूवरही परिणाम करतात. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, ताटावर बसलं तरी घास उचलावासा वाटत नाही, ते आठवा. आमवाताचा थकवा त्या जातीचा आहे. फ्लू आठवड्यात जातो, हा जात नाही. वर रक्त कमी झालेलं असतं, आणि रात्री कूस बदलताना खांदा दुखून जाग येते ती वेगळीच.

तेव्हा हा थकवा आजारातलाच आहे. हे आपल्याकडे फार पूर्वी लिहून ठेवलेलं आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या माधवनिदानात आमवाताचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात लक्षणं सांगताना माधवकरांनी अंग मोडून येणं, अरुची, तहान, ताप यांच्या जोडीला आलस्य आणि जडपणा यांची नावं घेतली आहेत. आलस्य तिथे लक्षण म्हणून आलं आहे, अवगुण म्हणून नाही. मी हे वाचलं तेव्हा आजारपणाला आठ वर्षं झाली होती. ती आठ वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला आळशी म्हणत होते.

आधुनिक वैद्यकालाही हे मानायला वेळ लागला. आजार किती जोरात आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर 28 सांधे दाबून पाहतात, कुठे सूज, कुठे दुखतं ते मोजतात, रक्त तपासतात. त्या हिशोबात थकव्याला रकाना नव्हता. संधिवाताच्या संशोधनात काय मोजायचं हे ठरवणारा ऑमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. 2002 साली ऑस्ट्रेलियात त्याची परिषद भरली, तेव्हा रुग्णांनाही चर्चेला बसवलं होतं. तुम्ही सांधे मोजता, पण आमचा थकवा मोजत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे 2007 मध्ये शिफारस आली, की आमवाताच्या औषधांच्या चाचण्यांत थकवाही मोजावा. जे डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं, ते घरच्यांना कसं दिसणार? ‘दिसायला तर ठणठणीत दिसतेस,’ असं मला ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांच्यावर आता माझा राग नाही.

या खंतीने माझ्या अंगाचंही नुकसान केलं. एका दिवाळीचं सांगते. तीन आठवडे चांगले गेले होते, बोटांची सूज उतरली होती. मी ठरवलं, यंदा चकल्या मी पाडणार. भाजणी भिजवली, सोऱ्या भरला आणि पिळायला लागले. पितळी सोऱ्या, पीठ घट्ट. तिसऱ्या घाण्याला मनगटात कळ आली. मुलगी म्हणाली, ‘आई, दे इकडे.’ दिला नाही. वर्षभर ज्यांनी माझी कामं उचलली त्यांचं देणं मला त्या एका दुपारी फेडायचं होतं. दोन किलो भाजणी संपवली. पुढचे सहा दिवस केस विंचरायलाही हात वर गेला नाही, आणि ऐन लक्ष्मीपूजनाला मुलीने मला साडी नेसवली. खंत कमी व्हावी म्हणून केलेल्या कामाने ती दुप्पट झाली. बऱ्या दिवसाला ओरबाडायचं आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र इथे बसलेल्या अनेकींच्या ओळखीचं असेल.

अशा वेळी कुणीतरी मोठ्यांचे दाखले देतं. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना पन्नाशीच्या सुमाराला हाच आजार जडला. बोटं पार वाकली, तरी 1919 साली मरण येईपर्यंत ते रंगवत राहिले. जिद्द म्हणून ही गोष्ट सांगतात. त्यांच्या हातात कुंचला दुसरं माणूस देत असे, हा भाग मात्र सांगायचा राहून जातो. मला तोच भाग मोलाचा वाटतो.

मला काय उपयोगी पडलं तेवढं सांगते. पाणी एक दिवसाआड येऊ लागलं की आपण पिंप भरल्या दिवशी अंगण धूत बसत नाही. तसाच अंगातल्या ताकदीचा हिशोब ठेवायला मी शिकले. बऱ्या दिवशीही काम अर्ध्यावर थांबवायचं, दमायच्या आधी बसायचं. पोळ्या बसून लाटायच्या. जे काम दुसऱ्याला दिलं ते पूर्ण दिलं. त्याने ओटा कसा पुसला हे पाहायला जायचं नाही. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं. पूर्वी अशा रुग्णांना सक्तीने झोपवून ठेवत. आता अभ्यासांतून दिसतं, की बेताचा नियमित व्यायाम थकवा काही प्रमाणात कमी करतो. मी संध्याकाळी वीस मिनिटं चालते.

शिवाय डॉक्टरांना विचारा. थकव्यामागे हिमोग्लोबिन असेल, थायरॉइड असेल, झोप असेल. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. तिच्या दुसऱ्या दिवशी काहींना मळमळतं, गळून जायला होतं, तेही सांगा. आणि ‘मी घराला भार झाले’ हा विचार उठता-बसता येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावरही उपचार आहेत.

घरच्यांना एक विनंती. आमच्या घरात हे बोलणं सुरू झालं ते सासूबाईंमुळे. एका पहाटे मी नेहमीसारखी ‘चुकलंच माझं’ म्हणाले. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि विचारलं, ‘आज किती दमली आहेस ते सांग. चार आणे, आठ आणे की रुपया?’ मी म्हटलं, बारा आणे. त्या म्हणाल्या, ‘मग चार आण्यांचं काम तू कर.’ त्या आता नाहीत. तुमच्या घरातल्या दुखणाईत माणसाला आज रात्री हा प्रश्न विचारा, आणि ते जो आकडा सांगेल त्यावर विश्वास ठेवा.