मॉण्टगोमरीची पायीं वारी

(वाचनालयांत झालेलें भाषण)



‘धर्म आणि समाजाची सेवा’ असा विषय आम्हांला नेमून दिला आहे. यावर नुसता उपदेश केला तर तुम्ही जांभया द्याल, आणि तें रास्तच होईल. म्हणून आम्ही एका शहराची हकीकत सांगतों. शहर अमेरिकेंतील अलाबामा राज्यांतलें, नांव मॉण्टगोमरी.

जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काळ्या लोकांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. तेथील गुलामी १८६५ सालीं कायद्यानें गेली होती. पण कायद्यानें बेडी तुटते; बेडी घालणाराचें मन तसेंच राहतें. नव्वद वर्षांनंतरही मॉण्टगोमरीच्या बसगाडींत पुढचीं दहा आसनें गोऱ्यांसाठीं राखलेलीं असत. तीं रिकामीं असलीं तरी काळ्या माणसानें उभेंच राहावें. पुढच्या दारानें चढून भाडें द्यावें, खालीं उतरावें आणि मागच्या दारानें पुन्हां चढावें. तो मागें पोंचण्यापूर्वीं कधीं कधीं गाडी निघूनही जाई. पैशाला विटाळ नव्हता, माणसाला होता!

मार्च १९५५ मध्यें क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीनें जागा सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली. १ डिसेंबरला रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं तेंच केलें. बाई दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहींत, असें पुष्कळ लोक सांगतात. तें खरें नव्हे. काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेच्या त्या कित्येक वर्षें चिटणीस होत्या. अंगाचा थकवा झोपेनें जातो. त्यांना कंटाळा आला होता तो नमण्याचा.

आतां शिक्षकबंधूंनीं इकडे लक्ष द्यावें. त्याच रात्रीं जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजांतील शिक्षिकेनें कॉलेजच्याच यंत्रावर हजारों पत्रकें छापून काढलीं. मजकूर एवढाच कीं सोमवारीं कोणीं बसमध्यें चढूं नये. कॉलेज सरकारी, पगार सरकारी. बाईंनीं पगाराकडे पाहिलें असतें तर पत्रकें निघालींच नसतीं.

रविवारीं चर्चांतून ही वर्दी दिली गेली. पण सगळेच पाद्री छातीठोक होते असें समजूं नका. आपलीं नांवें बाहेर फुटूं नयेत असें कांहींना वाटत होतें. तेव्हां ई. डी. निक्सन हा रेल्वेंतला हमाल भर बैठकींत त्यांच्यावर कडाडला. या गरीब बायांच्या घरचें आजवर खाल्लेंत, आतां त्यांच्यासाठीं उभें राहावयाची वेळ आली तर लपतां काय, असा त्याचा सवाल होता. हमालानें उपाध्यायांना धर्म शिकविला! मग सव्वीस वर्षांचे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांस पुढारी निवडलें.

एक दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. मोलकरणी, आचारणी, धोबिणी मैलच्या मैल चालल्या. आपल्याकडे वारीला चालणें ही भक्ति समजतात. त्यांनीं कामाला जाणें हीच वारी केली. एका म्हातारीस विचारलें कीं बाई, थकलांत ना? ती म्हणाली, पाय थकले खरे, जीव मात्र विसावला आहे. चर्चांच्या नांवें मोटारी घेतल्या आणि लोकांची ने-आण केली. त्याला पैसा लागे. जॉर्जिया गिलमोर नांवाच्या आचारणीनें बाया जमवून जेवण आणि गोडाधोडाचे पदार्थ विकले आणि दर सभेंत रक्कम आणून दिली. पैसे कोठून आले असें कोणीं विचारलें तर ‘कोठूनच नाहीं’ म्हणावयाचें, म्हणून त्यांच्या मंडळाचें नांवच तसें पडलें. देणाऱ्या बाईची नोकरी जाऊं नये, ही त्यांतली युक्ति. गिलमोरबाईंची स्वतःची नोकरी मात्र गेली.

फेब्रुवारी १९५६ मध्यें सुमारें नव्वद जणांवर खटले भरले. त्यापूर्वीं जानेवारींत किंग यांच्या घरावर बाँब पडला; आंत बायको आणि तान्हें मूल होतें. कांहीं रात्री आधीं धमकीचा फोन आल्यावर ते स्वयंपाकघरांत एकटे बसून प्रार्थना करीत होते, आणि तेव्हां भीति गेली, असें त्यांनींच सांगितलें आहे. येथें नीट ध्यानांत घ्या. देवानें बाँब अडविला नाहीं. प्रार्थनेनें घर वांचत नसतें. त्या घरांत टिकून राहण्याचें बळ येतें. हत्यारें घेऊन जमलेल्या लोकांना त्यांनीं ओसरीवरून शांत करून घरीं पाठविलें.

गोऱ्यांचींही चर्चें होतीं. देव तोच, ग्रंथ तोच. बहुतेक गोरे पाद्री गप्प बसले. कांहीं तर ग्रंथांतूनच भेदाला आधार काढीत. पण रॉबर्ट ग्रेट्झ हा गोरा पाद्री काळ्यांना आपल्या मोटारींत बसवून नेई. त्याच्याही घरावर बाँब पडले. तेव्हां धर्म कोणता हें ग्रंथावरून कळत नाहीं; माणूस कोणाच्या शेजारीं बसतो त्यावरून कळतें.

शेवटीं चार स्त्रियांच्या दाव्यांत, ज्यांत कॉल्व्हिन होती, सर्वोच्च न्यायालयानें १३ नोव्हेंबर १९५६ रोजीं बसमधील भेद बेकायदा ठरविला. २१ डिसेंबरपासून लोक हवें तेथें बसूं लागले. न्यायालयाचा निकाल मोलाचा खरा, पण तो येईपर्यंत वर्षभर एकी टिकविली ती चालणारांनीं.

१९५९ सालीं किंग हिंदुस्थानांत आले. केरळांतील एका शाळेंत मुख्याध्यापकांनीं त्यांची ओळख अमेरिकेंतील अस्पृश्य बंधु म्हणून करून दिली. प्रथम त्यांना तें लागलें. मग उमगलें कीं होय, हेंच आपल्या लोकांचें खरें वर्णन आहे. आपण मात्र ही हकीकत ऐकून अमेरिकेला नांवें ठेवूं आणि घरीं जाऊं, असें होऊं नये. त्या शाळेंत जो शब्द उच्चारला गेला, तो मॉण्टगोमरींत तयार झालेला नव्हता.

आम्ही तीनच प्रश्न ठेवतों. आपल्या भजनांत जो शेजारीं बसतो, तो पंगतींतही बसतो काय? अन्याय दिसतो तेव्हां आपण पगार आधीं मोजतों कीं माणूस? आणि ज्यांच्या कष्टांवर आपण जेवतों, त्यांच्यासाठीं किती दिवस चालूं? यांचीं उत्तरें टाळ्यांनीं देऊं नयेत. येत्या सप्ताहाच्या पंगतींत द्यावींत.