पाइपचा सांधा आणि कामगाराचा जीव

(सुरक्षा शिबिरात शाखा प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, बढती, बदल्या या प्रश्नांवर आम्ही युनियनच्या व्यासपीठावरून नेहमीच बोलतो. आज मात्र बोटभर लांबीच्या एका लोखंडी तुकड्याबद्दल बोलणार आहोत. विजेच्या वायरिंगचे दोन पाइप जोडणारे हे कपलिंग. वर्कशॉप, पंपहाऊस, जुन्या पोस्ट कचेऱ्या, आपली क्वार्टर्स, सगळीकडे ते भिंतीवर दिसते.

कपलिंग म्हटले की रेल्वेवाल्यांच्या डोळ्यांसमोर डबे येतात. ते कपलिंग सुटले तर ब्रेकचा पाइप तुटतो, हवा निघून जाते आणि गाडी आपोआप थांबते. भिंतीवरचे कपलिंग ढिले झाले तर काहीच थांबत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात. धोका मात्र गुपचूप वाढत राहतो.

तो कसा, ते पाहू. लोखंडी पाइप वायरचे रक्षण करतो. पुष्कळ जुन्या कामांत तोच अर्थिंगची वाटही असतो. आत वायरचे आवरण फाटून फेज पाइपला लागली, तर करंट त्या वाटेने परत जाऊन फ्यूज उडाला पाहिजे. साधा हिशेब करा. येण्याजाण्याच्या साऱ्या वाटेचा रोध अर्धा ओहम असेल, तर २३० व्होल्टला ४६० अँपिअर करंट वाहतो आणि १६ अँपिअरचा फ्यूज क्षणात जातो. पण एका गंजलेल्या कपलिंगने २० ओहमची अडचण उभी केली, तर करंट जेमतेम सव्वाअकरा अँपिअर. फ्यूज उडत नाही. सांध्यापलीकडच्या पाइपवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. ओल्या हाताने मोटरला हात लावणारा खलाशी मग त्या करंटची दुसरी वाट होतो. शिवाय त्या सांध्यात अडीच हजार वॅटहून जास्त उष्णता तयार होते. शेजारी टपालाच्या थैल्या असतील तर आगीला वेगळे निमंत्रण नको.

सांधा बिघडतो कशाने? आटे पुरते बसवलेले नसतात. आट्यांवर रंग किंवा गंज असतो. बॉक्सचा रंग न खरवडता चेकनट आवळलेला असतो. मशीनच्या हादऱ्याने पेच ढिले होतात. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे, सडलेला लोखंडी पाइप कापून मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालणे. काम झटपट आणि स्वस्तात होते, पण पुढचा सगळा लोखंडी पाइप अर्थिंगला पोरका होतो. मोटरजवळच्या लवचिक पाइपवरही अर्थिंगसाठी विसंबू नये.

आता तपासणीबद्दल. अर्थपिटजवळच्या पाटीवर रीडिंग आणि तारीख रंगवलेली असते. ते रीडिंग खड्ड्याचे असते. खड्ड्यापासून मशीनपर्यंत वाट सलग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मेगरने इन्सुलेशन कळते, सांध्याचा थोडासा रोध कळत नाही. काही जण फेज आणि पाइप यांच्यामध्ये बल्ब लावून पाहतात. हे कुणी करू नये. त्यात जिवाला धोका आहे आणि फसवणूकही. १०० वॅटच्या बल्बचा स्वतःचाच रोध सुमारे ५३० ओहम. त्यात २० ओहमची भर पडली तरी बल्ब तसाच लखलखतो आणि आपण म्हणतो, अर्थिंग ठीक आहे! सप्लाय बंद करून, कमी ओहम मोजणाऱ्या मीटरने मशीनपासून अर्थच्या पट्टीपर्यंत मोजणे, हीच खरी तपासणी.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांनी तीन फेजच्या मोटरच्या सांगाड्याला अर्थची दोन स्वतंत्र जोडणी सक्तीची केली होती. त्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे विनियम आले, तरी हे तत्त्व कायम आहे. एक सांधा दगा देऊ शकतो, म्हणून दुसरी वाट हवी.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, पाइपच्या भरवशावर न राहता प्रत्येक सर्किटला सलग हिरवी अर्थवायर ओढावी आणि ती प्रत्येक लोखंडी बॉक्सला जोडावी. दुसरी, कपलिंग, चेकनट आणि अर्थची सलगता यांची तपासणी रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात नोंदवावी, पाटीवरचे रीडिंग तेथे उतरवू नये. तिसरी, कंत्राटदाराचे काम ताब्यात घेताना ही मोजणी युनियनच्या प्रतिनिधीसमोर व्हावी. चौथी, प्लग आणि हत्यारी मशीनच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. ते अर्थिंगला पर्याय नाही, जोड आहे. पाचवी, भाड्याच्या इमारतींतल्या पोस्ट कचेऱ्यांत घरमालक आणि खाते एकमेकांकडे बोट दाखवतात. तेथे जबाबदार अधिकारी कोण, हे लेखी ठरवावे.

अपघात झाला की चौकशीत पहिला प्रश्न येतो, कामगाराने हातमोजे घातले होते का? आपला प्रश्न असा असला पाहिजे की, अर्थची सलगता शेवटची कधी मोजली आणि सही कुणाची? तो प्रश्न अपघाताआधी विचारला तर जीव वाचतो. पाइपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर "असे होतच असते" म्हणून सोडू नका. मशीन बंद करायला लावा, सुपरवायझरला लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या आणि एक प्रत शाखेत द्या. दुरुस्ती अधिकृत माणसालाच करू द्या.

परत गेल्यावर प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील ढिले सांधे, प्लास्टिकचे जोडतुकडे आणि उघडे बॉक्स यांची यादी एका महिन्यात तयार करावी. कशालाही हात न लावता, नुसते पाहून. ती यादी हातात घेऊन आम्ही प्रशासनासमोर बसू.

कामगार एकजुटीचा विजय असो!