पाच दिवसांचा ताप : कावासाकी आजाराविषयी थोडेसे



आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. तरीही आजाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्याला कारण आहे. आमच्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला ताप आला. आधी गोवर, मग ॲलर्जी म्हणून औषधे झाली. सातव्या दिवशी एका बालरोगतज्ज्ञांनी त्याचे डोळे, ओठ आणि सुजलेले हात पाहून कावासाकी आजाराचे निदान केले. ते नाव आम्ही प्रथमच ऐकले आणि वाचावयास घेतले.

जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ साली टोकियोत असा पहिला रुग्ण पाहिला. १९६७ साली त्यांनी पन्नास मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पाच दिवस वा अधिक ताप, चिपडे न येता लाल झालेले डोळे, चिरलेले लाल ओठ, लालभडक जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज आणि मानेत गाठ ही याची लक्षणे. ती सर्वच एकदम दिसतील असे नाही. पुढे बोटांच्या टोकांची साल निघते. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात.

खरा धोका पुढेच आहे. ताप काही दिवसांनी आपोआप उतरतो आणि आईबाप सुटकेचा श्वास घेतात. परंतु हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांना सूज आलेली असते. उपचार न झाल्यास सुमारे चारांपैकी एका मुलाच्या रोहिणीला फुगवटा येतो. त्यात रक्ताची गुठळी झाली तर लहान वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

असे का होते? आपल्या शरीरात रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होतात. जंतूंशी झुंजून त्या थोड्याच काळात शांतपणे मरतात व इतर पेशी त्यांना गिळून टाकतात. या मरणाला १९७२ साली 'अपॉप्टोसिस' हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. कावासाकी आजारात ही पानगळ लांबते, असे संशोधकांना आढळले. वेळ संपूनही पेशी जिवंत राहतात, दाहक द्रव्ये सोडत राहतात आणि रोहिणीची भिंत पोखरली जाते. आमच्या बँकेत दिवसअखेर हिशेब मिटला नाही तर घोळ वाढत जातो, तसेच हे. हे सारे कशाने सुरू होते, ते अद्याप निश्चित सापडलेले नाही. मात्र हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा अशा घराशी कोणी फटकून वागू नये.

उपचार आहे. इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅम. सोबत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲस्पिरिन. ॲस्पिरिन मुलाला आपल्या मनाने कधीही देऊ नये. दहा दिवसांच्या आत उपचार झाल्यास फुगवट्याचे प्रमाण शंभरात सुमारे पाचावर येते. रेंगाळलेल्या न्यूट्रोफिल पेशींना हे औषध मरणाकडे नेते, असेही दिसून आले आहे.

औषध महाग आहे. त्या मुलाच्या आईने पाटल्या गहाण ठेवल्या, उरलेले वस्तीने वर्गणीतून उभे केले. मुलगा आज शाळेत जातो. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून बनते, हे आमच्या तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावे. आणि मातांना एवढेच सांगणे : ताप पाच दिवस हटला नाही आणि डोळे-ओठ लाल दिसले, तर "हा कावासाकी तर नाही ना?" असे डॉक्टरांना निःसंकोच विचारा.